वाऱ्याचे वजन : रेव्हरंड स्टीफन हेल्स यांची जीवनकथा

वाचकहो, ईयोबाच्या ग्रंथातील अठ्ठाविसाव्या अध्यायाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ज्ञान कोठे सापडेल याचा तेथे शोध चालला आहे. खाणीतील सोने-रुपे, समुद्राचे तळ, मृतांचे जग अशा सर्व ठिकाणी विचारणा होते आणि अखेर त्याचा ठाव एका देवालाच आहे असे ठरते. त्या ओघात, देवाने वाऱ्यालाही वजन नेमले आणि पाण्याचे माप ठरविले, असा उल्लेख येऊन जातो. वाचणारा तेथे सहसा थांबत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र थांबावे लागते. वारा, श्वास आणि आत्मा या तिहींसाठी इब्री भाषेत एकच शब्द आहे. जे मुठीत धरता येत नाही त्याला वजन कसले?

हवेला वजन असते, हे सतराव्या शतकातील विद्वानांनी दाखवून दिलेच होते. परंतु झाडेझुडपे पाणी किती पितात, त्यातील किती परत हवेला देतात आणि त्या हवेतूनच त्यांना काही अन्न मिळते काय, हे तराजू आणि फूटपट्टी घेऊन शोधण्याचे काम एका खेड्याच्या पाळकाने केले. वनस्पतींच्या शरीरक्रियेचे शास्त्र ज्यांच्यापासून सुरू झाले असे मानतात, ते हेच रेव्हरंड स्टीफन हेल्स. शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आहे. आपल्या मंडळ्यांतून ते क्वचितच घेतले जाते.

हेल्स यांचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील बेक्सबर्न या गावी एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. १६९६ साली ते केंब्रिज येथील कॉर्पस क्रिस्ती महाविद्यालयात दाखल झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी आयझॅक न्यूटन यांनी केंब्रिज सोडून लंडनला टांकसाळीचे काम पत्करले. न्यूटन गेले, तरी निसर्गाला प्रश्न विचारताना अंकांत उत्तर मागण्याची त्यांची रीत मागे राहिली होती. हेल्स धर्मशिक्षण घेत होते. पण विल्यम स्टुकली नावाच्या तरुण मित्रासमवेत ते रानावनांतून वनस्पती गोळा करीत हिंडत, प्राण्यांची शरीरे उघडून पाहत आणि ग्रहांची गती दाखविणारे पितळी यंत्र बनवीत.

१७०९ साली त्यांची टेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन या लहानशा गावी पाळक म्हणून नेमणूक झाली आणि तेथेच ते अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे ५१ वर्षे राहिले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे आणखी एका दूरच्या मंडळीचे उत्पन्नही त्यांच्याकडे होते आणि उन्हाळ्यात ते तेथे जात. ही प्रथा काही आदर्श म्हणता येणार नाही. १७२० च्या सुमारास त्यांचा विवाह झाला. पण १७२१ मध्येच पत्नी निवर्तली. मूलबाळ नव्हते आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता एक अप्रिय भाग सांगितलाच पाहिजे. टेडिंग्टनच्या आरंभीच्या वर्षांत हेल्स यांनी जिवंत प्राण्यांवर प्रयोग केले. एका घोडीला आडवी बांधून त्यांनी तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसविली आणि तिला उभी काचनळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. रक्ताचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला तो असा. आज वैद्याकडे गेल्यावर आपल्या दंडाला जी पट्टी गुंडाळतात, तिच्या वंशावळीच्या मुळाशी ती घोडी आहे. शेजारच्या गावी राहणारे कवी अलेक्झांडर पोप हे हेल्स यांचे स्नेही होते, परंतु कुत्र्यांची अशी चिरफाड त्यांना सहन होत नसे आणि ते तसे बोलून दाखवीत. स्वतः हेल्स यांनाही या कामाचा उबग आला आणि काही वर्षे त्यांनी ते बाजूला ठेवले. प्राण्यांना यातना देऊन मिळालेले ज्ञान आपण निर्धास्तपणे वापरतो. पोप यांचा आक्षेप मात्र मला आजही निरुत्तर करतो.

वनस्पतींकडे ते वळले ते एका द्राक्षवेलीमुळे. चुकीच्या ऋतूत छाटलेल्या एका जुन्या वेलीच्या खोडातून रस गळू लागला. वेल वाचावी म्हणून त्यांनी नाना उपाय केले आणि शेवटी छाटलेल्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचा पातळ पडदा घट्ट बांधला. पाहतात तो आतील रसाच्या जोराने पडदा फुगून वर आलेला! नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागाईतदाराने छाटणीनंतर काडीच्या टोकावर पाण्याचे थेंब पाहिलेले असतात. हेल्स यांनी तेथे काचेच्या नळ्या एकावर एक जोडत नेल्या. रस २१ फुटांपर्यंत चढला. पुढे पाऱ्याच्या नळीने मोजून त्यांनी हिशेब मांडला, की वेलीच्या मुळाचा हा जोर घोड्याच्या धमनीतील रक्ताच्या जोराच्या जवळजवळ पाचपट आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय ज्याने कित्येकदा मंडळीपुढे वाचला असेल, त्या पाळकाला वेलीतून फांदीकडे जाणाऱ्या रसाचा जोर फूट-इंचांत कळला!

त्या काळी वनस्पतींच्या अन्नाविषयी काय समजूत होती, हे येथे सांगणे अवश्य आहे. झाड माती खाते, असे प्राचीनांचे मत. १६४८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फान हेल्माँट या विद्वानाचा प्रयोग आला. त्याने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून ५ पौंडांचे विलो झाड लावले व पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली अवघी काही औंस. त्यावरून झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १६९९ मध्ये वुडवर्ड याने निरनिराळ्या पाण्यांत पुदिना वाढवून दाखविले, की गढूळ पाण्यात रोप अधिक वाढते. म्हणजे मातीतील काही अंश लागतोच. वाद माती आणि पाणी या दोहोंपुरताच चालला होता. हवेचे नाव कोणी गंभीरपणे घेत नव्हते.

आता ३ जुलै १७२४ या दिवसाकडे चला. साडेतीन फूट उंचीचे एक सूर्यफूल हेल्स यांनी कुंडीत मुद्दाम लहानपणापासून वाढविले होते. कुंडीचे तोंड त्यांनी शिशाच्या पातळ पत्र्याने झाकले आणि सर्व सांधे लुकणाने असे बंद केले, की मातीतील वाफ बाहेर पडू नये. हवेसाठी एक बारीक नळी आणि पाणी घालण्यासाठी बुचाची दुसरी नळी, एवढीच वाट ठेवली. मग ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात पंधरा वेगवेगळे दिवस निवडून ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तराजूत घातली. कोरड्या उबदार दिवशी बारा तासांत ते सूर्यफूल सरासरी १ पौंड ४ औंस पाणी हवेत सोडीत असे. म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक. अतिशय तापलेल्या दिवशी ते १ पौंड १४ औंसांपर्यंत गेले. उबदार कोरड्या रात्री ३ औंस. दव पडले की काहीच नाही. आणि दव भरपूर पडले वा पाऊस झाला, तर उलट कुंडीचेच वजन वाढे.

एवढ्याने समाधान न होऊन त्यांनी सर्व पाने खुडली, आकाराप्रमाणे पाच ढीग केले, दोऱ्यांची बारीक चौकडी विणून तिच्यावर पाने ठेवली आणि घरे मोजली. झाडाच्या जमिनीवरील भागाचा पृष्ठभाग भरला ३९ चौरस फूट. मुळेही धुऊन मोजली. माणसाला दिवसभरात येणाऱ्या घामाशी तुलना करता, त्याच आकारमानाचे सूर्यफूल चोवीस तासांत सतरापट पाणी बाहेर टाकते, असे गणित निघाले. कोबी, द्राक्षवेल, सफरचंद, लिंबू यांचेही असेच वजन झाले. त्यावरून त्यांनी ठरविले, की रसाला वर ओढणारे बळ मुख्यतः पानांतून होणाऱ्या या बाष्पोत्सर्जनात आहे, आणि रक्ताप्रमाणे रस झाडात गोल फिरतो ही तत्कालीन समजूत टिकत नाही.

वाचकहो, आपण म्हणाल, पाळकाने पाने मोजीत बसावे काय? हेल्स यांच्या मनात हा प्रश्न उद्भवला नसावा. सृष्टिकर्त्याने सर्व काही संख्या, वजन व माप यांच्या नेमक्या प्रमाणात रचले आहे, तेव्हा त्याचे काम जाणून घ्यायचे तर मोजणे हाच मार्ग, असा विचार त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी मांडला आहे. या विचाराचे मूळ शलमोनाच्या ज्ञानग्रंथात आहे. आपल्या कॅथोलिक बांधवांच्या पवित्र शास्त्रात तो ग्रंथ असतो, प्रोटेस्टंट वाचकांना तो मुद्दाम शोधावा लागेल.

तो ग्रंथ म्हणजे १७२७ साली प्रसिद्ध झालेला ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’. त्याला रॉयल सोसायटीच्या वतीने अनुमती देणाऱ्या अध्यक्षांचे नाव होते आयझॅक न्यूटन; त्यानंतर महिन्याभरातच, मार्चमध्ये, न्यूटन निधन पावले. ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग हवेविषयी आहे. लाकूड, वाटाणे, मुतखडे, शेंदूर असे नाना पदार्थ तापवून त्यांतून निघणारी हवा हेल्स यांनी पाण्यावर उपड्या धरलेल्या भांड्यात गोळा केली. हे साधन पुढे शतकभर रसायनशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले. घन पदार्थांत एवढी हवा बंदिस्त असते, हे पाहून ते चकित झाले. पुदिन्याचे रोप काचपात्राखाली ठेवून त्यांनी पाहिले, की आतील हवा काही अंशी शोषली जाते. मग त्यांनी अनुमान केले, की वनस्पती आपल्या पोषणाचा काही भाग पानांवाटे हवेतून घेत असाव्यात. पानांत शिरणारा प्रकाशही त्या कामी साहाय्य करीत असावा. पुरावा अपुरा आहे हे जाणून त्यांनी ते अनुमान म्हणूनच ठेवले.

शेंदूर तापवून त्यांनी जी हवा गोळा केली, तीत प्राणवायू होता. हेल्स यांनी तिचे माप घेतले आणि ते पुढच्या प्रयोगाकडे वळले. त्यांच्या लेखी हवा एकच होती. तिच्यात जातिभेद आहेत हे त्यांच्या ध्यानी आले नाही. ती वाट इतरांनी चालली. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली या दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने पुदिन्यानेच दूषित हवा शुद्ध करून दाखविली. १७७९ मध्ये इंगेनहाउस याने त्यासाठी प्रकाश लागतो हे सिद्ध केले. जिनिव्हाचे पाळक सेनेबिए यांनी कार्बन डाय-ऑक्साइडचा संबंध ओळखला आणि १८०४ मध्ये द सोस्यूर याने सर्व हिशेब जुळविला. झाडाच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग हवा आणि पाणी यांतून येतो. मातीतून येतात नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त इत्यादी थोडी पण अटळ अशी द्रव्ये.

हे सारे जुन्या बखरीसारखे वाटत असेल, तर जरा थांबा. हेल्स यांच्या काळी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. कोळसा आणि तेल जाळून आपण ते प्रमाण ४२० च्या वर नेले आहे. झाडाच्या ताटातील एक पदार्थ आपण एकदम दीडपट वाढला आहे! त्याने पीक जोमाने वाढेल हे खरे. पण दाण्यात काय उतरेल? हे पाहण्यासाठी जपान, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे उघड्या शेतांत, पिकांभोवती हा वायू सोडून त्याचे प्रमाण ५५० च्या आसपास राखण्यात आले. त्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गव्हातील जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिने ६ टक्क्यांनी घटली. तांदळातील प्रथिने जवळजवळ ८ टक्क्यांनी घटली. ज्वारी आणि मका यांची हवेतून कार्बन घेण्याची रीत वेगळी असल्याने त्यांच्यावर परिणाम कमी दिसला.

असे का व्हावे, याची चर्चा अद्याप मिटलेली नाही. दाण्यात पिष्ट वाढल्याने इतर द्रव्ये विरळ होतात, हे एक कारण. दुसरे कारण हेल्स यांच्या सूर्यफुलाकडे नेते. हवेत हा वायू मुबलक झाला, की पानावरील सूक्ष्म रंध्रे थोडी मिटतात. झाडातून बाहेर पडणारे पाणी कमी होते. आणि मातीतील विरघळलेली द्रव्ये ज्या प्रवाहाबरोबर मुळांकडे येतात, तो प्रवाहही मंदावतो. हे कारण किती मोठे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत आणि ते मिटविण्यासाठी त्यांना झाडाने किती पाणी घेतले व किती सोडले हेच पुन्हा मोजावे लागते. आपल्यापैकी कोणी भाकरी खातो, कोणी पोळी, कोणी भात. ज्याच्या ताटात भाताशेजारी डाळ, दूध वा मासळी आहे, त्याचे फारसे बिघडणार नाही. ज्याच्या ताटात नुसता भात आहे, त्याच्या मुलाचे जस्त आणि लोह उणे होईल. आणि हवेत धूर सोडण्यात त्या घराचा वाटा सर्वांत कमी आहे.

हेल्स यांच्या उर्वरित कार्याची हकिकत थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये तेव्हा जिन या स्वस्त दारूने गरिबांची घरे उद्ध्वस्त केली होती. १७३४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध आपले नाव न घालता पुस्तिका काढली व ते सतत झटत राहिले. १७३६ मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला. कोंडलेल्या हवेचा अपाय प्रयोगांत पाहिल्याने त्यांनी १७४१ मध्ये तुरुंग, रुग्णालये व जहाजे यांत ताजी हवा खेळविणारे मोठे भाते तयार केले. न्यूगेटच्या कुप्रसिद्ध तुरुंगावर १७५२ मध्ये पवनचक्कीने चालणारे यंत्र बसले. तुरुंगातील तापाचे कारण दूषित हवा, ही त्यांची समजूत चूक होती; तो ताप उवांमुळे पसरतो. तरीही कोंडलेल्या जिवांना श्वास घेता आला. मात्र एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. हे भाते आफ्रिकेतून माणसांना गुलाम करून नेणाऱ्या जहाजांवरही बसविले गेले आणि तेथे मृत्यू घटल्याचे हेल्स यांना कळविण्यात आले. त्यांच्या दृष्टीने जीव वाचले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने माल वाचला. बेड्यांना त्या भात्याचा वारा लागला नाही.

मंडळीच्या शिस्तीत ते कडक होते. पापात पडलेल्या स्त्रियांना त्यांनी सर्वांदेखत प्रायश्चित्त घ्यावयास लावले, असे नमूद आहे. त्या पापांतील पुरुषांचे काय झाले, हे विचारावेसे वाटते. राजघराण्यात मात्र त्यांचा आदर होता. युवराजाच्या विधवेने, राजकन्या ऑगस्टा हिने, त्यांना आपल्या खासगी उपासनागृहाचे प्रमुख नेमले आणि पुढे विंडसर येथे मोठे पद देऊ केले. ते पद दुसऱ्यास द्यावे अशी विनंती करून ते टेडिंग्टनलाच राहिले. १७५४ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी गावाला चांगल्या पाण्याची सोय करून दिली. त्याची नोंद मंडळीच्या पुस्तकात आहे : सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या तीन झोक्यांत दोन क्वार्टांचे भांडे भरते, आणि खिळ्यापासून लोलकाच्या मध्यापर्यंत त्या लंबकाची लांबी ३९.२ इंच.

४ जानेवारी १७६१ रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजकन्येने त्यांचे स्मारक उभारले. देह मात्र टेडिंग्टनच्या मंदिरात, त्यांनीच उभारविलेल्या मनोऱ्याखाली पुरला आहे.

त्यांच्यामागे पंधरा वर्षांनी, अटलांटिकपलीकडे, टोबॅगो बेटावर एक घटना घडली. उसाच्या मळ्यांसाठी तेथील रान झपाट्याने तोडले जात होते. इंग्लंडच्या व्यापार मंडळातील सोम जेनिन्स हे हेल्स यांच्या संशोधनाने प्रभावित झाले होते. झाडे एवढे पाणी हवेत सोडतात, तर ती तोडल्यावर पाऊसही आटेल, असे त्यांनी वर्षानुवर्षे मळेवाल्यांना पटविले. १३ एप्रिल १७७६ रोजी बेटाच्या मध्यावरील डोंगररांगेचे रान पावसाच्या रक्षणासाठी कायद्याने राखून ठेवण्यात आले. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. जंगल आणि पाऊस यांचे नाते तेव्हा वाटले तितके सरळ नाही, हे पुढील अभ्यासाने दाखविले आहे. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळाने त्या रानाची फार मोठी हानी केली. त्यानंतर ते पुन्हा वाढले.